कास्तिया : सोडून जाणाऱ्यांचा संघ

४ जून १९८०. माद्रिदच्या सान्तियागो बर्नाबेऊ मैदानावर कोपा देल रे या स्पॅनिश चषकाची अंतिम लढत होती. एका बाजूला रेयाल माद्रिद आणि समोर कास्तिया, म्हणजे रेयाल माद्रिदचाच दुसरा संघ. क्लब एक, तिजोरी एक आणि चषकाचे दावेदार मात्र दोन. कास्तियाची पोरं तेव्हा दुसऱ्या श्रेणीत, सेगुंदात खेळत होती. एर्कुलेस, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ, रेयाल सोसिएदाद आणि स्पोर्तिंग गिहोन या पहिल्या श्रेणीतल्या चार संघांना गारद करून ती इथवर पोहोचली होती. अंतिम सामना थोरल्यांनी ६-१ असा जिंकला. पण रेयालने त्याच मोसमात लीगही जिंकली होती, त्यामुळे चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेतली जागा धाकट्यांना मिळाली. तिथे कास्तियाने वेस्ट हॅमला माद्रिदमध्ये ३-१ असं हरवलं. परतीच्या सामन्यात मात्र लंडनला जादा वेळेत १-५ अशी हार पत्करून त्यांना बाहेर पडावं लागलं.

असा सामना आता स्पेनमध्ये होऊ शकत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलले आणि क्लबांच्या दुसऱ्या संघांना चषकाची दारं बंद झाली. लीगची दारं मात्र उघडी राहिली, आणि स्पॅनिश फुटबॉलचं मोठं बळ त्यातच आहे, असं मला वाटतं.

कास्तियाचं मूळ प्लुस उल्त्रा या १९३० साली स्थापन झालेल्या माद्रिदच्या संघात आहे. रेयालने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं आणि १९७२मध्ये त्याचा कास्तिया झाला. स्पेनमध्ये असा दुसरा संघ प्रौढांच्याच लीगमध्ये उतरतो. त्याच्यासमोर घर चालवण्यासाठी खेळणारे तिशीतले बचावपटू असतात आणि आपल्या गावाच्या संघासाठी ओरडणारे प्रेक्षक असतात. हरलं की गुणतालिकेत खाली जायचं आणि तळाला पोहोचलं की खालच्या श्रेणीत. सवलत कोणतीच नाही. बंधन मात्र एक आहे, आणि ते फार कडक आहे : थोरला ज्या श्रेणीत असेल त्या श्रेणीत धाकट्याला खेळता येत नाही.

या बंधनाची किंमत १९८४मध्ये दिसली. अमान्सिओ यांच्या प्रशिक्षणाखाली कास्तियाने सेगुंदा जिंकली. दुसरा आला बिल्बाओ अ‍ॅथलेटिक, म्हणजे तोही एका मोठ्या क्लबचा दुसरा संघ. दोघांनाही बढती मिळाली नाही. वर गेले त्यांच्या मागचे तीन संघ. उलट दिशेनेही हा नियम तितकाच निष्ठुर आहे. २०१२मध्ये विलारेयाल पहिल्या श्रेणीतून घसरला. त्याच्या बी संघाने सेगुंदातलं आपलं स्थान मैदानावर राखलं होतं, तरी थोरल्याला जागा करून देण्यासाठी त्याला खाली जावं लागलं.

मग जिंकायचं कशासाठी? याचं उत्तर १९८४च्या त्याच संघात आहे. बुत्रागेन्यो, मिचेल, सांचीस, मार्तीन वास्केस आणि पार्देसा ही पाच नावं त्या संघातली. बुत्रागेन्योला रेयालचे तेव्हाचे प्रशिक्षक आल्फ्रेदो दि स्तेफानो यांनी फेब्रुवारी १९८४मध्ये कादिसच्या मैदानावर थोरल्या संघात उतरवलं, आणि पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. पुढे १९८६ ते १९९० अशी सलग पाच वर्षं रेयालने लीग जिंकली, त्या यशाचा कणा हीच पिढी होती. कास्तियाला बढती नाकारली गेली, पण त्याचे खेळाडू वर गेले. या संघाचं यश त्याच्या स्वतःच्या तक्त्यात शोधायचं नसतं.

ही ये-जा मनमानी होऊ नये म्हणून नियमांची चौकट आहे. थोरल्या संघाची नोंदणी २५ जणांची आणि त्यांच्या जर्सीवर १ ते २५ क्रमांक. त्यापुढचा क्रमांक दिसला की समजायचं, हा मुलगा खालून आला आहे. बार्सिलोनाच्या लामिन यमालने १५व्या वर्षी पदार्पण केलं ते ४१ क्रमांकाच्या जर्सीत. २३ वर्षांखालचा खेळाडू वर खेळून पुन्हा खाली परतू शकतो. मैदानावरच्या अकरांपैकी किमान सात जण मात्र मूळ संघाचेच असावे लागतात. त्यामुळे सगळी पोरं उतरवून लीगचा सामना उरकून टाकता येत नाही.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. जर्मनीत दुसऱ्या संघाला तिसऱ्या श्रेणीच्या वर जाता येत नाही. २०२०मध्ये बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघाने ती लीग जिंकली आणि तो तिथेच राहिला. नेदरलँड्समध्ये २०१८ साली योंग अयाक्सने दुसरी श्रेणी जिंकली, त्यालाही बढती नव्हती. इटलीत युव्हेंटसने २०१८मध्ये ‘सेरी सी’त आपला दुसरा संघ उतरवला. इंग्लंडमध्ये मोठ्या क्लबांचे बी संघ लीगच्या उतरंडीत घ्यावेत, असा प्रस्ताव २०१४मध्ये आला होता. छोट्या क्लबांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी तो हाणून पाडला. शंभर वर्षं जपलेल्या गावच्या क्लबाची जागा कुणाच्या तरी राखीव पोरांनी घ्यावी, हे त्यांना पटलं नाही. त्यांचा राग मला रास्त वाटतो. पण त्यामुळे तिथला मुलगा वयोगटाच्या लीगमध्ये खेळतो, नाहीतर भाडेकरारावर परक्या क्लबात जातो, आणि तिथला प्रशिक्षक त्याला वेगळ्याच पद्धतीने खेळवतो.

हे सगळं गणित आज अनेक तरुणांना ठाऊक आहे ते ‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळामुळे. कॉलियर बंधूंनी १९९२मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणला, २००४पासून त्यांचा खेळ या नव्या नावाने येऊ लागला. त्यात प्रत्येक खेळाडूची आजची क्षमता आणि त्याची कमाल क्षमता २००पैकी आकड्यांत दडवलेली असते. ते आकडे खेळणाऱ्याला दिसत नाहीत. त्याला दिसतो तो अठरा वर्षांचा एक मुलगा आणि तीन पर्याय : बाकावर बसवा, दुसऱ्या संघात खेळवा, की भाड्याने द्या. बाकावर बसलेल्याची सामन्याची धार बोथट होत जाते आणि प्रगती रखडते. खेळत राहिलेला वाढतो. दुखापतीतून उठलेल्या मोठ्या खेळाडूलाही सूर सापडेपर्यंत दुसऱ्या संघात उतरवता येतं. हा खेळ मन लावून खेळणाऱ्याला एक गोष्ट नक्की उमगते : प्रतिभा साठवून ठेवता येत नाही, तिला सामने लागतात.

कास्तिया आज वाल्देबेबास या सराव संकुलातल्या आल्फ्रेदो दि स्तेफानो मैदानावर खेळतो. २००४मध्ये या संकुलाची कोनशिला बसवताना दि स्तेफानो यांच्या शेजारी बारा वर्षांचा दानी कार्वाहाल उभा होता. तो कास्तियात घडला, लेव्हरकुसेनला विकला गेला, वर्षभरात परत आणला गेला आणि त्याने रेयालसाठी सहा वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. कास्तियाच्याच हुआन माताच्या वाट्याला मात्र थोरल्या संघाची जर्सी कधीच आली नाही; तो व्हॅलेन्सियाला गेला आणि पुढे स्पेनसोबत विश्वविजेता झाला. प्रशिक्षकही इथेच तयार होतात. झिनेदिन झिदान कास्तियाची धुरा सांभाळूनच २०१६मध्ये वर गेला.

आपल्याकडे या व्यवस्थेचा धागा गोव्यात सापडतो. एफसी गोवाचा राखीव संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये डेम्पो, साळगावकर अशा मुरलेल्या क्लबांशी भिडतो, आणि २०१८-१९मध्ये त्याने ती लीग जिंकली. २०२२मध्ये गोव्यातच सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगही महत्त्वाची आहे, पण ती तरुणांची तरुणांशी स्पर्धा. दोन्हींची गरज आहे. तरीही निवड करायची झाली, तर मी पहिलीच्या बाजूने उभा राहीन. एकोणीस वर्षांच्या मुलाला सर्वांत जास्त शिकवतो तो त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, त्याच्याहून बलदंड आणि हरायला मुळीच तयार नसलेला प्रतिस्पर्धी. असा प्रतिस्पर्धी त्याला दर आठवड्याला मिळवून देणं, आणि तो पुरेसा शिकला की त्याला न कुरकुरता जाऊ देणं, हेच दुसऱ्या संघाचं काम आहे.