रेडिओच्या मनोऱ्याला जमीन का लागते?

आज आपण रत्नागिरीत बसलोय, तेव्हा सुरुवात इथल्याच आकड्यापासून करतो. ११४३ किलोहर्ट्झ. सभागृहातल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, आपल्या आकाशवाणी केंद्राची ही मिडियम वेव्ह. केंद्र १९७७ सालचं, ट्रान्समीटर २० किलोवॅटचा. जगभर अशी छोटी एएम केंद्रं अडचणीत आहेत, आणि त्याचं कारण बऱ्याचदा श्रोते कमी झाले एवढंच नसतं. कारण जमीन हे असतं. ते कसं, ते बघू.

एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब. त्यामुळे तिचा अँटेना छोटा, कुठल्याही उंच खांबाच्या टोकाला बांधला की झालं. ११४३ किलोहर्ट्झची लहर मात्र २६२ मीटर लांब. तिच्यासाठी अँटेना किमान पाव लहरीचा, म्हणजे ६५ मीटरच्या आसपास असलेला बरा. आणि इथे लोकांचा नेहमी गैरसमज होतो. त्यांना वाटतं मनोऱ्यावर अँटेना बसवलाय. तसं नाही, तो अख्खा लोखंडी मनोराच अँटेना असतो. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा, तारांच्या ताणांनी धरलेला. चालू असताना त्याला हात लावायचा नाही, म्हणून भोवती कुंपण.

बरं, एवढ्यावर भागत नाही. मनोरा हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा जमिनीत असतो. मनोऱ्याच्या पायथ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा चारी दिशांना पुरतात. ब्राऊन, लुईस आणि एप्स्टाईन या तीन अमेरिकन अभियंत्यांनी १९३७ साली प्रयोग करून दाखवलं की, अशा तारा पुरेशा नसतील तर ट्रान्समीटरची बरीच शक्ती माती तापवण्यातच जाते. तेव्हापासून १२० तारा हे माप रूढ झालं. आता हिशोब करा. ६५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे १३० गुंठे, सव्वातीन एकर. त्यावर इमारत नाही, प्लॉटिंग नाही, नुसतं गवत. शहर वाढत वाढत तिथवर पोचलं की गुंठ्याचा भाव काय होतो, ते मी रत्नागिरीकरांना काय सांगणार!

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे डब्ल्यूएमएएल या स्टेशनचे चार मनोरे ७५ एकरांत होते. मालक कंपनीने ती जागा घरबांधणी करणाऱ्या कंपनीला ७ कोटी ४० लाख डॉलरना विकली. नोव्हेंबर २०२० मध्ये मनोरे पाडले. ते स्टेशन तर नावाजलेलं होतं. गावोगावच्या लहान स्टेशनांची तर जागाच अख्ख्या धंद्यापेक्षा महाग झालेली असते. मग काही जण दुसऱ्याच्या मनोऱ्यावर भाड्याने जातात. योग्य फिल्टर लावले तर एका मनोऱ्यावरून दोन फ्रिक्वेन्सी चालतात. ज्यांना तेही जमत नाही, ते परवाना परत करतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, आणि मला ते जास्त काळजीचं वाटतं. भारतात खासगी एएम स्टेशनच नाही. २००१ पासून खासगी कंपन्यांना परवाने मिळाले ते एफएमचे. कम्युनिटी रेडिओही एफएमवरच. म्हणजे आकाशवाणीने एखादी मिडियम वेव्ह बंद केली तर ती चालवायला दुसरं कोणीही येऊ शकत नाही. सरकारी धोरणाचा कल तर एफएमकडे आहेच. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटींच्या 'बिंद' योजनेचं एक उद्दिष्ट आकाशवाणीचं एफएम ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेणं हे आहे. यात चूक काही नाही. २० किलोवॅटचा मिडियम वेव्ह ट्रान्समीटर तासाला सहज पंचवीस-तीस युनिट वीज खातो. शिवाय मोबाइलमध्ये मिडियम वेव्ह लागत नाही, घरातले एलईडी दिवे आणि चार्जर खरखर करतात, आणि रात्री याच ११४३ वर असलेलं रोहतक आड येऊ शकतं.

मग अडलंय कुठे? अडलंय कोकणच्या भूगोलात. एफएम साधारण सरळ रेषेत जातं. डोंगराआड, खाडीच्या वळणात, खोऱ्यातल्या वाडीत त्याची सावली पडते. मिडियम वेव्ह जमिनीला धरून सरपटत जाते. आपला जांभा तिला फारसा मानवत नाही, त्यात तिची शक्ती लवकर जिरते. पण समुद्र! खारं पाणी जांभ्याच्या कातळापेक्षा हजारपट किंवा त्याहून चांगलं वीजवाहक. समुद्रावरून ती दिवसा दीड-दोनशे किलोमीटर आरामात जाते. चार-चार दिवस बाहेर राहणाऱ्या बोटीसाठी हा फरक लहान नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: आता 'न्यूजऑनएअर' ॲपवर सगळं ऐकू येतं. मनोरा हवाच कशाला?)

ॲप उत्तम आहे, मीही वापरतो. पण ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. दापोली-मंडणगडात वीज गेली, मोबाइल गेले, आणि काही गावांत ते लगेच परत आले नाहीत. ॲपला तुमच्या गावातला टॉवर उभा लागतो, त्याला वीज लागते. सेलवरच्या रेडिओला दूरवरचा एकच मनोरा आणि तिथला जनरेटर चालू असला की पुरतं.

(प्रश्न: मग जमीन तशीच अडकवून ठेवायची?)

अजिबात नाही, असं मी म्हणत नाही. ट्रान्समीटर लहान करता येतो, वेळ कमी करता येते, वादळाच्या दिवसांपुरता पूर्ण शक्तीने चालवता येतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. एकदा तांबं उपटून जागा गेली की तेवढी मोकळी जमीन पुन्हा मिळत नाही. म्हणून कुठल्याही केंद्राबाबत निर्णय घेण्याआधी फील्ड स्ट्रेंथ मीटर घेऊन एफएम नक्की कुठवर पोचतंय ते मोजावं. नकाशावर नव्हे, तर राजापूर, संगमेश्वरच्या खोऱ्यांत उतरून आणि मिरकरवाड्यातून बोटीने बाहेर जाऊन. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा.