तिथी बघून पक्षी बघा

जंगलात पक्षी बघायची सवय झालेला माणूस खाडीवर पहिल्यांदा येतो तेव्हा हमखास फसतो. पहाटे उठून, पहिली लोकल पकडून तो शिवडीच्या धक्क्यावर पोहोचतो. समोर एक तर नुसते पाणी असते, नाही तर मैलभर चिखल आणि त्याच्या पार टोकाला एक गुलाबी रेघ. दुर्बीण लावूनही पिसू दिसावी तेवढेच पक्षी दिसतात. खाडीच्या पक्ष्याला सूर्य उगवला काय नि मावळला काय, फारसा फरक पडत नाही. त्याचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो.

हे गणित कोळीवाड्यात कुणालाही विचारावे. तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात साधारण बारा. भरती दिवसातून दोनदा येते आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या आतल्या टोकाला पाणी आणखी थोडे उशिरा पोहोचते, म्हणून बंदराचे छापील कोष्टक जवळ असलेले बरे. पण सहल ठरवायला कालनिर्णय पुरते. कार्तिकातलेच बघा: भाऊबीजेला दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी अकरापासून चढते पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलू लागेल. कार्तिकी एकादशीला भरती सव्वाआठची. त्या दिवशी चिखलावर जाऊन उपयोग नाही, पक्षी विसाव्याला कुठे बसतात ते शोधायचा तो दिवस. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी ना पुरते उतरत, ना पुरते चढत.

भरतीच्या आधीचे दोन-तीन तास सर्वांत मोलाचे. ओहोटीत पक्षी दूरवर विखुरलेले असतात. पाणी चढू लागले की एकेक पट्टा बुडतो आणि ते पुढे सरकत तुमच्या समोर येतात. तेव्हा चोची बघाव्यात. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, वरवरचा किडा टिपतो. लाल पायांचा टिलवा त्याहून थोडे खोल जातो. पाणटिवळा सरळ लांब चोच जवळजवळ मुळापर्यंत खुपसतो, आणि कोरल आपल्या बाकदार चोचीने खेकड्याच्या बिळात थेट हात घालतो म्हणा ना. एकाच चिखलात इतक्या जातींची पंगत बसते ती यामुळेच. छोटा रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी करून पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळतो, मोठा रोहित त्याबरोबर कोळंबीची पिल्ले आणि अळ्याही खातो. त्यांचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो.

हे पाहुणे येतात कुठून? तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांवर वीण करतो आणि हिवाळ्यात मांडव्याच्या बोटीमागे गाठ्या खात फिरतो. (या गाठ्या टाकणे बंद झाले तर बरे. खारट, तळलेले बेसन हे कुठल्याच पक्ष्याचे अन्न नव्हे.) काही तुतवार सैबेरियाच्या उत्तर टोकाहून येतात. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या एका पिल्लाने २०२२ साली अलास्का ते टास्मानिया असे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले. त्याच्या अंगावर उपग्रह-टॅग होता म्हणून हे कळले. आपल्याकडे येणारे पक्षी मध्य आशियाई मार्गावरचे. फ्लेमिंगोंचा प्रवास त्या मानाने छोटा. त्यांचे मोठे विणीचे ठिकाण कच्छच्या रणात आहे.

जागेची निवड करताना उजेडही बघावा. शिवडी पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. सकाळी सूर्य डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे दुपारची भरती धरावी. ऐरोली समोरच्या काठावर असल्याने सकाळी ऊन पाठीमागे राहते. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्राच्या बोटीही भरतीच्या वेळेप्रमाणेच सुटतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. ज्याला चिखलाऐवजी वाळू हवी त्याने अलिबागजवळचे आक्षी गाठावे: कुरव, सुरय आणि चिखल्यांचे थवे तिथे एकाच किनाऱ्यावर सापडतात.

आता मुद्द्याचे. ठाणे खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये ते रामसर स्थळही झाले. चिखलाला संरक्षण मिळाले, ही मोठीच गोष्ट. पण भरतीच्या वेळी तो चिखल पाण्याखाली असतो. दिवसातून दोनदा हजारो पक्ष्यांना बसायला दुसरी उथळ, निवांत जागा लागते: मिठागर, बंधाऱ्याआडचा तलाव, उरणच्या पाणजेसारखी पाणथळ. या जागा बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत आणि नकाशावर त्या मोकळ्या जमिनीसारख्या दिसतात. २०२४ मध्ये मुंबईतल्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्यास केंद्राने मंजुरी दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवी मुंबईच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मेले. तलावात येणारे भरतीचे पाणी अडल्याकडे पक्षिमित्रांनी बोट दाखवले होते. मे महिन्यात घाटकोपरवर एका विमानाला थवा धडकून तीसहून अधिक फ्लेमिंगो ठार झाले. पुढे २०२५ मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय झाला, तो योग्यच आहे. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. विसाव्याच्या जागा बुजवल्या तर थवे नव्या जागा शोधत फिरणार, आणि ते विमानांच्या वाटेत यावेत असे कुणालाच वाटणार नाही. या तलावांचे रक्षण ही पक्षिप्रेमींची हौस नव्हे, ती हवाई सुरक्षेचीही बाब आहे.

विसाव्याच्या जागी आपलीही जबाबदारी असते. भरतीला टेकलेला थवा झोपलेला वाटतो, पण पुढच्या ओहोटीपर्यंत तो शक्ती राखत असतो. उडता थवा कॅमेऱ्यात हवा म्हणून टाळ्या वाजवणारे आणि ड्रोन सोडणारे महाभाग दर हिवाळ्यात भेटतात. त्यांना सौम्यपणे, पण ठामपणे अडवावे. चिखलात उतरू नये. पाय रुततो आणि चढते पाणी वाट बघत नाही.

एक विनंती. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आणि ई-बर्डवर कुणालाही वर्षभर नोंदी करता येतात. बहुतेक हौशी नोंदी प्रसिद्ध धक्क्यांवरच्या असतात. तुम्ही आपल्या घराजवळचे एखादे नाव नसलेले तळे किंवा बंद पडलेले मिठागर निवडा, ऐन भरतीला तिथे जा, पक्षी मोजा, आणि नोंदीत तारखेबरोबर भरतीची वेळही लिहा. ती जागा मोकळी पडीक जमीन नाही, हे उद्या सुनावणीत सिद्ध करायची वेळ आली तर हीच नोंद कामी येईल.