पट्टा पडेपर्यंत

दसरा सरला की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, पीठ, कोयते असं बिऱ्हाड चढतं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोची जोडी, ऊसतोडीच्या हिशेबात 'एक कोयता', पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघते. शाळेतली लेकरं अनेकदा आजी-आजोबांपाशी राहतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, घर या म्हाताऱ्या दोघांच्या आणि बहुतेक वेळा एकट्या आजीच्या जिवावर चालतं.

पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या, वेणीफणी करून लेकरांना शाळेत धाडायचं, जमलं तर कापूस वेचायला जायचं. रात्री कुणाला ताप आला तर मांडीवर घेऊन बसायचं. साठी उलटल्यावरचा हा दुसरा संसार, आणि आता गुडघे साथ देत नाहीत.

अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत. नावात वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला आजीकडे येतात. पोरांची शाळा टिकवणारी ही योजना मोलाचीच आहे. पण लेकरू ज्या म्हातारीच्या भरवशावर गावात राहतं, तिची तब्येत कुणाच्याच हिशेबात नसते.

ती तिच्या स्वतःच्याही हिशेबात नसते. औषधांची कॅरीबॅग खुंटीला टांगलेली असते. पाकिटं सारखीच दिसतात आणि वाचता येत नाही. अशा वेळी शाळेत जाणाऱ्या नातीनं सकाळच्या पाकिटावर पेनानं सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चांदोबा काढून दिला, तरी चूक टळते. खरा घोटाळा पुढे होतो. "आता बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी बंद होते. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. कधीकधी त्याची पहिली खबर लकवा मारल्यावरच लागते. मग घरातली थोरली नात शाळा सोडून चुलीपाशी बसते. शुगर असेल तर पायांची जाणीव कमी होऊ शकते. शेतात अनवाणी चालताना रुतलेला काटा कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून पायात चप्पल हवी आणि रोज रात्री तळवे बघायला हवेत.

2017-18च्या देशव्यापी 'लासी' पाहणीत साठीपुढच्या जवळपास दर तिसऱ्या माणसानं आपल्याला रक्तदाब असल्याचं सांगितलं होतं. ज्यांची तपासणीच झाली नाही, ते त्यात आलेच नाहीत. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर फुकट तपासतात. आशाताईला ऊसतोडीच्या घरांची माहिती असतेच. बाळाच्या लसीसाठी ती दारात आली की आजीचंही नाव तिच्या कानावर घालावं.

ताटातही घरचाच आधार आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2018मध्ये आणलेल्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. पण लेकरांना वाढून उरलं तर खायचं, या सवयीनं ती भाकरीसुद्धा आजीच्या वाट्याला अर्धीच येते.

उचल घेतल्यावर मुलगा किराणावाल्याशी बोलतो, मास्तरांना भेटतो. त्याच दिवसांत आईला तपासून महिन्याच्या गोळ्या घरात आणून ठेवता येतात. ऑक्टोबर 2024पासून सत्तरीपुढच्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं. तेही तेव्हाच काढलेलं बरं. कारण आधारला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात असतो. ट्रॅक्टर गेल्यावर इथे आजी कार्डासाठी केंद्रावर अंगठा लावत बसते आणि ओटीपी तिकडे उसाच्या फडात वाजतो.