शिसवीतील खळगी

आमच्या कल्याणच्या जुन्या घरात, माजघरात, शिसवी झोपाळा होता. ते घर पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले तेव्हा भांडीकुंडी वाटली गेली; पण झोपाळा कुणाच्याच ब्लॉकमध्ये मावेना. आजी म्हणाली, "फळी विकू नका. तिच्या पणत्यांसाठी बैठकी करा आणि घरटी एक द्या." घरे चार : एक कल्याणला, दोन डोंबिवलीला, एक ठाण्याला. काम माझ्याकडे आले, कारण घरात ड्रिल मशीन हाताळण्याची हौस मला एकट्यालाच होती. कड्यांची भोके, चिरा आणि खिळ्यांच्या जागा वगळल्यावर फळीतून पाच तुकडे निघत होते. म्हणजे चूक करायला एकाच तुकड्याची मुभा होती.

काम तसे किरकोळ दिसत होते. पितळी पणतीचा तळ ४० मिलिमीटर व्यासाचा. ती घट्ट बसावी म्हणून तेवढीच रुंद आणि १५ मिलिमीटर खोल खळगी हवी. लाकडाला भोक पाडणे यात विशेष ते काय, असे मला वाटले होते. पण अरुंद खोल भोक आणि रुंद उथळ भोक ही दोन निराळी कामे आहेत, हे पहिला तुकडा वाया गेल्यावर समजले.

आधी लाकडाविषयी. वाळलेल्या सागाचे घनमीटरला वजन सुमारे ६५० किलो भरते, तर शिसवीचे सुमारे ८५०. कल्याणला हे लाकूड नवे नाही. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने 'कॅलियाना' बंदरातून पितळ, कापड आणि शिसवीसारखे लाकूड परदेशी जात असल्याचे नोंदले आहे; ते बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. अशा दाट लाकडात पाते सहजासहजी शिरत नाही.

आता थोडे गणित. पाते एका फेऱ्यात जितके लाकूड कापते त्याची रुंदी त्रिज्येइतकी असते. शिवाय बाहेरच्या कडेचे लाकूड मध्यबिंदूपासून दूर असल्याने तिथला विरोध पात्याला अधिक जोराने पिळतो. रुंदी वाढते आणि अंतरही वाढते. म्हणून व्यास दुप्पट झाला, की त्याच गतीने खाली जाण्यासाठी लागणारा पीळ साधारण चौपट होतो. १० मिलिमीटरच्या भोकाशी तुलना केली, तर ४० मिलिमीटरच्या भोकाला सोळापट! हातातले मशीन मनगट मुरगाळते ते यामुळेच.

दुसरी गोष्ट वेगाची. मशीन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर १० मिलिमीटर पात्याची कड मिनिटाला सुमारे ३१ मीटर धावते; ४० मिलिमीटर पात्याची सुमारे १२६ मीटर. लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे घर्षणाची बरीचशी उष्णता पात्याच्या धारेवर साचते. धार बोथट होते, बोथट धार कापण्याऐवजी घासते, घासल्याने आणखी तापते, आणि शेवटी लाकूड जळते.

मी वापरले होते बाजारात स्वस्त मिळणारे चपटे पाते. ते उडाले, कड काळी पडली, आणि तळातून टोक बाहेर आले. फळी रंधून २५ मिलिमीटर उरली होती. खळगी १५ आणि पात्याचे मधले टोक १२, मिळून २७ होतात. ही बेरीज मी आधी केलीच नव्हती.

शेजारच्या सुतारकाकांनी तो तुकडा पाहिला आणि जुनी रीत सांगितली. वीज नव्हती तेव्हा सुतार कमानीच्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याने वर्तुळाच्या आत बारीक बारीक भोके पाडीत आणि उरलेले पटाशीने काढीत. एक मोठा पीळ ते अशा रीतीने अनेक लहान पिळांत वाटून घेत. पटाशी प्रथम रेषांना आडवी मारायची, म्हणजे लाकूड रेषेच्या दिशेने वर्तुळाबाहेर चिरत नाही.

आजचा उपाय म्हणजे फोर्स्टनर बिट. अमेरिकेतील बेंजामिन फोर्स्टनर याने १८७४ साली त्याचे पेटंट घेतले. याचे मधले टोक अगदी आखूड असते. बिटाला वळण देते ती त्याची गोल कड. कड आधी तंतू कापते, मग आतील पाती तळ सपाट खरवडतात. टोक ४ मिलिमीटरचे धरले तरी १५ आणि ४ मिळून १९ होतात. खाली ६ मिलिमीटर लाकूड शाबूत राहते.

मग काम असे केले. तुकडे वेगळे करण्याआधीच खळग्या पाडायच्या ठरवल्या, कारण मोठी फळी शिकंज्यात पक्की धरता येते. मध्यबिंदू टोच्याने खुणावला. मशीन हातात न धरता स्टँडवर बसवले, खोलीची मर्यादा बांधली, वेग ५०० फेऱ्यांच्या आत ठेवला. दोन-तीन मिलिमीटर खाली गेले, की बिट वर उचलून भुसा झटकायचा आणि धार निवू द्यायची. पातळ ढलप्या निघत असल्या तर ठीक. पीठ किंवा धूर दिसला तर थांबून धार लावायची. फार हळू दाबणेही वाईट, कारण मग पाते नुसते घासते. नाकातोंडावर फडके हवेच. शिसवीचा भुसा कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. सर्वांत आधी हा सारा प्रयोग वाया गेलेल्या तुकड्याच्या कोऱ्या बाजूवर करून पाहिला.

चारही बैठकी दिवाळीपूर्वी आपापल्या घरी पोचल्या. पाचवा तुकडा माझ्या टेबलावर आहे. त्याच्या एका बाजूला जळकी, आरपार गेलेली खळगी आहे आणि दुसऱ्या बाजूला साफ. आजीने तो हातात घेऊन पाहिला आणि विचारले, "ही काळी बाजू कड्यांकडची का रे?" मला सांगता आले नाही.