रेषेबरहुकूम चालणारं पातं

रेडियमच्या दुकानात मोटारसायकलवरची नावं कापणारा प्लॉटर ज्यांनी पाहिलाय, त्यांना क्रिकट हे कागद कापणारं यंत्र ओळखीचं वाटेल. तीच युक्ती, फक्त टेबलावर मावेल एवढी. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्रोव्हो क्राफ्ट या हस्तकलेचं सामान विकणाऱ्या कंपनीने 2006 साली ते बाजारात आणलं. शुभेच्छापत्रं आणि फोटोंच्या वह्या सजवणाऱ्या घरगुती हौशी लोकांसाठी.

कागद 12 इंची चिकट मॅटवर बसवायचा. रोलर मॅट पुढेमागे सरकवतात, पातं आडवं धावतं. दोन्ही हालचाली मिळून वळण तयार होतं. खरी गंमत पात्यात आहे. त्याचं टोक मधल्या अक्षापासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं ते ओढलं जाईल तिकडे आपणच वळतं. कोपरे फाटले तर आधी पातं बदलावं, मग दाब कमीजास्त करावा आणि दर नव्या कागदावर एक छोटा चौकोन कापून पाहावा. काम झाल्यावर कागद ओढून काढू नये. मॅट उलटी करून मॅटच वाकवत सोडवली, तर कागदाची गुंडाळी होत नाही.

यंत्राला कागद कळत नाही, अक्षरही कळत नाही; कळते ती रेषा. मराठीत पत्रिका करणाऱ्याला याचा प्रत्यय लगेच येतो. इंग्रजी नाव एकसंध कापायचं तर सुटी अक्षरं एकमेकांत जुळवावी लागतात. आपल्याकडे शिरोरेषा ते काम फुकटात करते, असं वाटतं खरं. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. ते तुकडे एकजीव केले नाहीत, तर पातं प्रत्येक सांध्यावर इमानाने चीर देतं. शिवाय अनुस्वार सुटून पडतो आणि थ, ध, भ यांच्यापाशी शिरोरेषा तुटते. म्हणजे लग्नपत्रिकेवर नेमका ‘शुभ’मधला ‘भ’च वेगळा होऊन हातात येतो! यावर उपाय एकच. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहावा, त्याचं पाथमध्ये रूपांतर करावं, तुकडे जोडावेत, तुटक्या जागी बारीक पूल काढावा आणि एसव्हीजी फाइल करून मगच यंत्राला द्यावी. कापायला दोन मिनिटं, तयारीला संध्याकाळ.

ही फाइल कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न या यंत्राच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. सुरुवातीच्या क्रिकटला संगणक लागत नसे. नक्ष्या कार्ट्रिजमध्ये बंद असत आणि कार्ट्रिज विकत घ्यावी लागे. पुढे कंपनीचं नावच क्रिकट झालं, कार्ट्रिज गेली आणि डिझाइन स्पेस हे कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं सॉफ्टवेअर आलं. मार्च 2021 मध्ये कंपनीने जाहीर केलं, की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःच्या 20 च नक्ष्या चढवता येतील. स्वतःचं यंत्र, स्वतःची नक्षी, आणि वर रेशन! ग्राहक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात कंपनी शेअर बाजारात उतरत होती, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या यंत्रांच्याही आपापल्या खोडी आहेत. सिल्हूटचं सॉफ्टवेअर संगणकावरच राहतं, पण त्याच्या मोफत आवृत्तीत आपण केलेली एसव्हीजी उघडत नाही, डीएक्सएफ चालते. ब्रदरच्या स्कॅन-एन-कटमध्ये स्कॅनरच बसवलेला आहे. हाताने काढलेलं चित्र आत घातलं की संगणकाशिवाय कापून मिळतं. ज्यांचा हात चित्रकलेत चालतो, त्यांना मी हेच सुचवेन.

निव्वळ कार्डशीट कापायची असेल, तर लाकूड आणि कापड कापणाऱ्या महागड्या मॉडेलच्या नादी लागू नका. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून तुमची स्वतःची मराठी फाइल एकदा कापून घ्या आणि तिची मूळ प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा.