कोरा सेलेरॉन की वापरलेला आय-फाइव्ह?

चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. प्रवेश उरकले, की तालुक्यातल्या अनेक घरांत एकच हिशेब सुरू होतो: पोराला लॅपटॉप घ्यायचा, पण कोणता? कांद्याच्या पट्टीतून फी वजा जाता जे उरतं, त्यात दोनच गोष्टी बसतात. एक, खोक्यातला, वॉरंटीचा, कोरा करकरीत, पण सगळ्यात खालच्या पायरीवरचा लॅपटॉप. दुसरा, पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीनं काही वर्षं वापरून काढून टाकलेला, कडा घासलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड. वडिलांचा कल कोऱ्याकडे. दुसऱ्याचं दुखणं कशाला विकत घ्यायचं, हा त्यांचा सवाल ट्रॅक्टर घेताना अगदी रास्त असतो.

ट्रॅक्टर झिजतो, कारण त्याचे भाग एकमेकांवर घासतात. प्रोसेसरमध्ये हलणारं काहीच नसतं. बाकीचं यंत्र मोडकळीला येतं तेव्हाही चिप बहुधा ठणठणीत असते. मग जुन्या संगणकाची भीती आली कुठून? ती एका ठरावीक काळातून आली. १९९० च्या सुमारास ४८६ प्रोसेसर ३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. २००२ च्या अखेरीस पेंटियम-४ नं ३.०६ गिगाहर्ट्झ गाठले. बारा वर्षांत नव्वदपट! त्या काळात चार वर्षं वापरलेला संगणक घेणं म्हणजे भंगारच घरात आणणं होतं.

या धावेमागचं गणित आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडलं होतं. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं. म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवून ते अधिक वेगानं चालवले तरी उष्णता वाढत नाही. २००५ च्या आसपास हे गणित मोडलं. फार लहान ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज झिरपत राहते, त्यामुळे व्होल्टेज आणखी खाली नेता येईना आणि चिप तापू लागली. पेंटियम-४ २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झवर अडकला तो अडकलाच. मग कंपन्यांनी वेग वाढवण्याचा नाद कमी करून एका चिपमध्ये दोन, चार, सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणक) बसवायला सुरुवात केली. प्रगती चालूच आहे, पण नव्वदपटीची नाही. म्हणूनच आज नुसतं वय विचारून यंत्राबद्दल फारसं काही कळत नाही.

उदाहरण घेऊ. आय-फाइव्ह ८२५०यू हा प्रोसेसर २०१७ चा: चार कोअर, एका वेळी कामाचे आठ धागे (थ्रेड). सेलेरॉन एन४०२० त्याच्यानंतर दोन वर्षांनी आला: दोन कोअर, दोनच धागे. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये हा सेलेरॉन कोरा म्हणून मिळतो, आणि वयानं मोठा आय-फाइव्ह त्याला सहज मागं टाकतो. चांदवडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: लाल कांदा कालच काढलेला असला तरी चाळीत टिकत नाही, उन्हाळ कांदा महिनोन्‌महिने राहतो. वाण बघायचा असतो.

इथं विक्रेत्याचं एक लाडकं वाक्य मध्ये येतं: ‘आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या.’ डोळे झाकू नयेत. आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालू आहे. पिढी पुढच्या आकड्यात असते. ३३२० म्हणजे तिसरी, ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. (दहाव्या पिढीपासून पुढं पहिले दोन आकडे वाचायचे.) सातवी आणि आठवी यांच्यामध्ये मोठी पायरी आहे. ७२००यू मध्ये दोनच कोअर होते, ८२५०यू मध्ये चार झाले. आणि विंडोज ११ ची अधिकृत सीमाही, तुरळक अपवाद सोडले तर, तिथंच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ चालताना दाखवतात, ते मागच्या दारानं घातलेलं असतं. पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल तर अशा यंत्रातही बराच जीव आहे, पण मग किंमत त्याच हिशेबानं ठरवावी.

जुना संगणक ‘रांगतो’ ही तक्रार मात्र खरी आहे. बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधली तबकडी साधारणतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी १२ मिलिसेकंद. अशा गतीनं विखुरलेल्या जागांवरचे तुकडे सेकंदाला साठसुद्धा वाचून होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना हजारो तुकडे मागते. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. वापरलेल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी नसेल तर ती बसवता येते. याउलट अगदी स्वस्त कोऱ्या लॅपटॉपमध्ये कित्येकदा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण आणि ४ जीबी मेमरी बोर्डावर झाळून टाकलेली असते. ती वाढवता येत नाही. मेमरी किमान ८ जीबी असलेलं यंत्रच बघावं; २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, नंतर टाकू म्हटलं तर महागात पडेल.

हीच जुन्या-नव्याची खडाजंगी देशपातळीवरही झाली आहे, तीही मुंबईत. आयबीएमचं १४०१ हे यंत्र अमेरिकेत १९५९ मध्ये आलं. १९६१ मध्ये ते मुंबईला एस्सो कंपनीत बसलं. पुढं परदेशात वापरून झालेली १४०१ यंत्रं मुंबईत दुरुस्त करून आयबीएम ती भारतीय कंपन्यांना भाड्यानं देऊ लागली. तिकडं निकालात निघालेला माल इथं आणून बक्कळ नफा कमावला जातोय, अशी टीका झाली. परकीय चलन कायद्यावरून वाद पेटला आणि १९७८ मध्ये आयबीएम देश सोडून गेली. टीका चुकीची नव्हती. तरी इथल्या कितीतरी प्रोग्रामरांचे हात त्याच जुन्या यंत्रांवर बसले. माझ्या मते भांडण वयाचं नव्हतंच, किमतीचं होतं.

वापरलेल्या लॅपटॉपची खरी म्हातारी म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन घटात ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पापुद्रा वाढत जातो आणि कामाचं लिथियम गिळतो. लॅपटॉप नुसता कपाटात पडून राहिला तरी हे चालूच असतं. दुकानातच कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’, मग तिरपी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करून घ्यावं. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही आकडे समोर येतात. वस्तीवर वीज कधीही जाते, तिथं हा आकडा फार मोलाचा. जुना डेस्कटॉप आणखी स्वस्तात मिळतो, पण त्याच्यामागं इन्व्हर्टर लागतो.

दुसरी परीक्षा उष्णतेची. चिप आणि पंख्याची जाळी यांमधला लेप वाळला किंवा जाळीत धूळ बसली, की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. वीस मिनिटं यंत्राला जड काम द्यावं आणि टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झचा आकडा बघत बसावं. तो एकदम कोसळला, तर साफसफाईचा खर्च किमतीतून कापून घ्यावा.

त्रिमितीय डिझाइन किंवा एआय यांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार असेल, तर कोरा सेलेरॉन आणि वापरलेला आय-फाइव्ह यांपैकी एकही कामाचा नाही. पैसे साठेपर्यंत कॉलेजची लॅब वापरावी. पहिल्या वर्षाचं सी आणि पायथन आठव्या पिढीवर आरामात होतं.

आणि पैसे देण्याआधी एक काम. लॅपटॉप दुकानदाराला समोरच पूर्ण रीसेट करून इंटरनेटला जोडायला लावावा. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव आलं आणि तिच्या खात्याचा पासवर्ड मागितला गेला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे, तिथून उठावं. सगळं ठीक निघालं, तर मागच्या बाजूचा सिरीयल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्यावं.