पदवीच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीच्या निकालांतून नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’ आणि त्यापाठोपाठ लातूर-नांदेडमध्ये वाढलेले शिकवणी वर्ग यांमुळे या दोन जिल्ह्यांत भौतिकशास्त्र हा विषय प्रामुख्याने प्रवेशपरीक्षेच्या संदर्भात ओळखला जातो. याच भागात १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे असून, शहरांतील आणि तालुक्यांतील त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून हा विषय शिकवला जातो. या अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थी आणि पालक यांच्यात काही समज रुळलेले आहेत आणि त्यांतील बरेचसे तपासून पाहता टिकत नाहीत.

गैरसमज १ : पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र म्हणजे बारावीचीच उजळणी.

वस्तुस्थिती : प्रकरणांची नावे पुष्कळशी तीच असतात, परंतु प्रश्न बदललेला असतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी १८० गुण भौतिकशास्त्राला आहेत आणि २०२५ पासून १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे असल्यामुळे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी एक मिनिट येते. साहजिकच तेथे योग्य सूत्र चटकन आठवण्याला महत्त्व येते. पदवीच्या वर्गात मात्र ते सूत्र कोणत्या अटींवर लागू पडते, हे विचारले जाते. उदाहरणार्थ, गतीची परिचित समीकरणे त्वरण, म्हणजे वेगबदलाचा दर, स्थिर असतानाच खरी ठरतात. एक किलोमीटर उंचीवरून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला ती लावली, तर तो सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने जमिनीवर आदळेल असे उत्तर मिळते, प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंबही सेकंदाला नऊ-दहा मीटरपेक्षा फारसा वेगाने येत नाही. हवेचा रोध वेगाबरोबर वाढत जाऊन अखेरीस वजनाला तोलून धरतो आणि पुढे वेग वाढत नाही. या स्थिर वेगाला अंतिम वेग म्हणतात. तो काढायचा तर प्रत्येक क्षणी बदलणाऱ्या त्वरणाचा हिशेब ठेवावा लागतो आणि तेथे कलनशास्त्र, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींचे गणित, कामाला येते.

गैरसमज २ : गणिते सुटली म्हणजे नियम समजले.

वस्तुस्थिती : हा समज शिक्षणसंशोधनाने तपासून खोडून काढलेला आहे. अमेरिकेत १९९२ साली हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बल या संकल्पनेवरची, आकडेमोड नसलेली चाचणी प्रसिद्ध केली. पाठ्यपुस्तकातील गणिते बिनचूक सोडवणारे अनेक विद्यार्थीही तिच्या साध्या प्रश्नांत चुकतात, असे दिसून आले. त्यानंतर १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांची तुलना केली. अभ्यासक्रमापूर्वी जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी केवळ व्याख्यानावर भर देणाऱ्या वर्गांत सरासरी २३ टक्के, तर विद्यार्थ्यांना चर्चेत आणि कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत सरासरी ४८ टक्के सुधारणा झाल्याचे त्यांना आढळले.

संकल्पना नीट समजणे किती गंभीर बाब आहे, हे लातूर जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जाड मातीचे माळवद कोसळून हजारो माणसे दगावली. जड छप्पर म्हणजे भक्कम घर, असे मनाला सहज पटते, पण जडत्वाचा नियम, म्हणजे वस्तू आपली स्थिती आपणहून बदलत नाही हा न्यूटनचा पहिला नियम, त्याच्या उलट सांगतो. जमीन हलली की भिंतीचा पाया तिच्याबरोबर सरकतो, जड छप्पर मात्र जागीच राहू पाहते आणि हा सगळा ताण मधल्या भिंतीवर येतो. मातीची घनता घनमीटरला सुमारे १६०० किलो धरली, तर अर्धा मीटर जाडीच्या माळवदाच्या प्रत्येक चौरस मीटरचे वस्तुमान ८०० किलो भरते. हादऱ्याचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर त्याला हलवण्यासाठी भिंतीला १६०० न्यूटन बल पुरवावे लागते. पाच किलोच्या पत्र्याला तेवढ्याच क्षेत्रफळासाठी दहा न्यूटन पुरतात. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र पाठ असणाऱ्याला जड छप्पर अधिक धोक्याचे, हा निष्कर्ष आपोआप सुचेलच असे नाही.

गैरसमज ३ : प्रात्यक्षिकाचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळलेच पाहिजे.

वस्तुस्थिती : सर्वांत खोल रुजलेला आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच होय. लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढण्याच्या प्रयोगात ९.८१ हा आकडा येईपर्यंत रीडिंग मागेपुढे करण्याची, किंवा जुन्या जर्नलमधून तक्ता उतरवून घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. गंमत अशी की हा आकडा नांदेड-लातूरचा नाहीच. पृथ्वीचे स्वतःभोवतीचे भ्रमण आणि विषुववृत्ताजवळचा तिचा फुगवटा यांमुळे गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३ असते, ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य साधारणपणे ४५ अंश अक्षांशाला जुळते. अठरा-एकोणीस अंशांवरच्या आणि समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवरच्या या दोन शहरांत ते मूल्य ९.७८ च्या आसपास यायला हवे.

हा फरक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिसतो का, याचे उत्तर खुद्द प्रयोगातच मिळते. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलने पूर्ण करण्यास ९.७८ मूल्यासाठी सुमारे ४०.१८, तर ९.८१ मूल्यासाठी सुमारे ४०.१२ सेकंद लागतात. म्हणजे शोधायचा फरक सहा शतांश सेकंदाचा आहे. हाताने स्टॉपवॉच चालू-बंद करताना मात्र साधारण दोन दशांश सेकंदांची चूक होऊ शकते. चाळीस सेकंदांत ही चूक अर्धा टक्का भरते आणि सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग असल्यामुळे उत्तरात ती एक टक्का होते. त्यामुळे ‘९.७ अधिक-उणे ०.१’ असे लिहिणारा विद्यार्थी अचूक आहे आणि तक्ता जुळवून ‘९.८१’ लिहिणारा चुकीचा. आंदोलने वीसऐवजी शंभर मोजली की तीच चूक पाचव्या हिश्श्यावर येते. मोजमाप कसे सुधारावे, हा धडा येथे मिळतो आणि आकडे जुळवणारा विद्यार्थी नेमका त्यालाच मुकतो.

गैरसमज ४ : लहान महाविद्यालयातील जुनी उपकरणे आधुनिक विज्ञानाच्या कामाची नाहीत.

वस्तुस्थिती : काचेच्या सपाट पट्टीवर बहिर्गोल भिंग ठेवून दिसणारी न्यूटनची वलये हा प्रकाशाच्या व्यतिकरणाचा, म्हणजे दोन तरंग एकमेकांत मिसळून कोठे बळावण्याचा तर कोठे मावळण्याचा, पदवी प्रयोगशाळेतील नेहमीचा प्रयोग आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारली जाणार असून तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनातील चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून परतणाऱ्या लेझर किरणांच्या व्यतिकरणावरून गुरुत्वीय लहरींचा वेध घेणे, हे तिचे काम असेल. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. फरक आहे तो अनिश्चितता किती कमी करता येते, याचा.

गैरसमज ५ : भौतिकशास्त्र घेणाऱ्यापुढे शिक्षकी हा एकच मार्ग असतो.

वस्तुस्थिती : अध्यापन हा मार्ग आहेच, त्याशिवाय जॅम या राष्ट्रीय परीक्षेतून आयआयटींसह अनेक संस्थांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो आणि भूभौतिकी, हवामानशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणन या शाखांकडे वळता येते.

म्हणून महाविद्यालय निवडताना केवळ निकालाची टक्केवारी विचारणे पुरेसे ठरत नाही. प्रात्यक्षिकाचे तास नियमित होतात का, प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हाताने रीडिंग घेतो का आणि त्याच्या जर्नलमध्ये उत्तराशेजारी त्रुटीचा अंदाज लिहिलेला असतो का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तेथे भौतिकशास्त्र शिकवले जाते की केवळ उरकले जाते, हे अधिक खात्रीने कळू शकते.